मनराज्यातून माझी हकालपट्टी

मागच्या महिन्यात मला देशातून हाकलून दिलं. त्या वेळी मी उंद्री गावात, आमच्याच ओसरीत, खाटेवर बसून चहा पीत होतो. चहा संपायच्या आत देश सुटला. आता या वयात दुसरा देश कुठं शोधू? गुडघे दुखतात.

देशाचं नाव मनराज्य. तो नकाशात नाही, मोबाइलात आहे. कुठल्याकुठल्या हौशी लोकांनी फोनवर मांडलेला खोटाखोटा देश. पण त्याला झेंडा आहे, घटना आहे, संसद आहे, कोर्टसुद्धा आहे! (रस्ते तेवढे नाहीत. म्हणजे आपल्यासारखंच.) आमची सूनबाई वैशाली तिथली जुनी नागरिक. पोरगी राज्यशास्त्रात बी.ए. पण लग्न होऊन आल्यापासून त्या राज्यशास्त्राचा उपयोग काय, तर सासू आणि नवरा यांच्यात तह घडवून आणायचा! औंदा ती मनराज्यात पंतप्रधानपदाला उभी राहिली. भाकरी थापता थापता भाषण पाठ करायची. भाकरी करपायची, पण मुद्दा सुटायचा नाही. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

एक दिवस म्हणाली, "मामाजी, तुम्हीबी नागरिक होता का? मत लागते मले."

"होतो न! पण त्या फोनात मले लिवता येत नाही."

"नुसतं बोलायचं. तो आपोआप लिवते."

नागरिक होणं सोपं होतं. आपली ओळख द्यायची, घटना मानतो म्हणायचं, थोडे दिवस थांबायचं, की मताचा हक्क मिळाला. तेव्हा कळलं, की आमची ही (म्हणजे माझी बायको) आणि पोरगा गजानन, दोघंही आपापल्या फोनवर कधीचेच नागरिक होऊन बसलेत. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही! घरात कर्ता मी, आणि देशात सगळ्यांच्या मागून मी. ते फार लागलं मनाला. ठरवलं, यांना आता राजकारण काय असतं ते दाखवूनच देतो. ग्रामपंचायतीच्या किती निवडणुका या ओसरीनं पाहिल्या, पण एक उमेदवार इथून नाराज होऊन गेला नाही.

आमची रीत अशी आहे. उमेदवार दारात आला की त्याला खाटेवर बसवायचं, चहा द्यायचा आणि सांगायचं, "काळजी करू नका भाऊ, घरातली सगळी मतं तुमचीच." दुसरा आला, त्यालाही तेच. तिसऱ्यालाही तेच. हे खरं नाही हे त्याला ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं, पण चहा गोड लागतो. उमेदवाराला तोंडावर नाही म्हणणारा माणूस दिसला, की त्याची तब्येत बरी नाही असं आमच्याकडे समजतात.

मी नागरिक झाल्याबरोबर मनराज्याचे उमेदवार माझ्या पानावर आले. सूनबाईच्या विरोधात दोघं होते, एक कोल्हापूरकडचा गडी आणि एक ठाण्याची बाई. दोघांनी नमस्कार लिहून मत मागितलं. मी फोन तोंडाशी धरला आणि खणखणीत बोललो, "काळजी करू नका भाऊ, घरातली सगळी मतं तुमचीच. या, चहा घेऊन जा." बाईला भाऊच्या जागी ताई, बाकी तेच. मग सूनबाईनंही रीतसर मत मागितलं. तिलाही तेच! (सून झाली म्हणून काय दुजाभाव करायचा?)

आता गंमत पाहा. ओसरीत एक उठून गेल्यावर दुसरा येतो. फोनात मात्र तिघंही एकाच वेळी खाटेवर बसलेले असतात आणि त्यांच्यामागे सारा देश उभा असतो! हे मला कोणी सांगायला नको होतं का?

संध्याकाळी सूनबाई कणकेच्या हातानं धावत आली.

"मामाजी! काय लिवून ठेवलं हो तुम्ही?"

"काऊन? गोड बोललो न सगळ्याईशी."

"सगळ्याईनंच वाचलं ते! 'घरातली सगळी मतं' म्हणे! ते म्हणून राह्यले, का हे चार नागरिक नाहीतच, एकच माणूस चार नावानं घुसला. माही उमेदवारी रद्द करा म्हणून कोर्टात गेले ते!"

तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तू भिऊ नको. मी पाहतो त्या कोर्टाकडं."

कोर्ट फोनवरच भरलं, चित्रासकट. मी फेटा बांधून बसलो. न्यायमूर्ती म्हणजे एक टकले गृहस्थ. अंगात काळा कोट, कोटाच्या आत बनियन, आणि मागे त्यांच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. कडेला नुसती तोंडंच तोंडं, सारा देश पाहायला आलेला!

न्यायमूर्तींनी पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, आपण खरोखर अस्तित्वात आहात का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. (हिनं एकदा विचारला होता, पण तो रागात.)

"हाये न साहेब! दिसून नाही राह्यलो का?"

"मग तिघांना मत देतो असं खोटं का बोललात?"

"खोटं काय त्याच्यात? माणूस दारी आला, चहा पेला, आन् त्याले तोंडावर नाही म्हणायचं?"

"पण ते दारी आले नव्हते. चहाही घेतला नाही."

"त्याच्यात माही काय चूक? मी तं बोलावलं होतं!"

न्यायमूर्तींनी टकलावरून हात फिरवला. "बरं, मुद्द्याचं सांगा. घरातली सगळी मतं तुमच्याच हातात आहेत का?"

"हाव! माह्या घरात माह्या शब्दाशिवाय पान हालत नाही!"

"मग ही चारही मतं एकट्या तुमचीच झाली. सूनबाईंची उमेदवारी रद्द करावी लागेल."

सूनबाई फोनच्या मागं उभी होती. पदराला हात पुसत राहिली, पुसलेलेच हात. मला एवढंच म्हणायचं होतं, की घरात माझं कोणी ऐकत नाही. पण ते तोंडातून निघेना. फेटा बांधून असं बोलता येतं का?

तेवढ्यात ही मधे घुसली. "साहेब, याईचं कोणी ऐकते का कधी! तूर पेरा म्हणे, आम्ही सोयाबीन पेरलं. फ्रिज नको म्हणे, तो पाहा मागं उभा हाये. लग्नात सुनेचं नाव बदला म्हणे, नाही बदललं!"

"आणखी काही?" न्यायमूर्ती लिहून घेत होते.

"आणखी? बसा निवांत, सांगते."

गजानन वावरातून आला, त्यानं पाय न धुताच साक्ष दिली. "मोटरसायकल घेऊ नको म्हणत होते बाबा. आता तिच्यावरच बसून दवाखान्यात जातात." शेजारचा शामराव कुंपणावरून ओरडला, "माहीबी साक्ष घ्या!" तो तर मनराज्याचा नागरिकही नाही!

न्यायमूर्तींनी हात वर केला. "पुरे, पुरे. आजोबा, हे खरं आहे का?"

मी सूनबाईकडं पाहिलं. फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हटलं, "खरं हाये साहेब. माहं कोणी ऐकत नाही."

"जरा मोठ्यानं बोला. नोंद व्हायची आहे."

मग ओरडून सांगावं लागलं! सारा देश ऐकत होता, आणि देशापेक्षा वाईट म्हणजे सारी गल्ली.

निकाल लागला. घरातली मतं आपापल्या मालकाची आहेत हे सिद्ध झालं, सूनबाईची उमेदवारी राहिली आणि ती चांगली दणदणीत निवडून आली. मी मात्र तीन उमेदवारांना खोटं वचन दिलं, म्हणून माझं नागरिकत्व रद्द. त्यावर नव्या पंतप्रधानांची सही लागते. पंतप्रधान माझा चहा घेऊन आल्या.

"मामाजी, सही करू का?"

"कर माय. कायदा म्हंजे कायदा."

तेव्हापासून घरात सगळंच मतदानानं ठरतं. परवा वांगं की दोडका यावर मतदान झालं. वांगं म्हणून मी हात वर केला, तर ही म्हणाली, "परदेशी पाहुण्याईनं हात खाली करा."

केला. पण एक मात्र कबूल केलं पाहिजे, पाहुणा म्हणून पहिलं ताट मलाच वाढलं. दोडक्याचं.