सुभेदार साहेबांचा उजवा पाय

मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वेल्ह्यात घर केलं. दर रविवारी आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांचं बीपी आणि शुगर तपासायची ड्यूटी मी स्वतःच लावून घेतली. पहिला थांबा पासलीत, बरोबर ०९०० वाजता. सुभेदार साहेब दाढी करून ओट्यावर हजर. वय नव्वदीपुढचं. उजव्या पायाला क्रेप बँडेज, बुटाच्या लेससारखं घट्ट.

साहेब तरुणपणी फुटबॉलचे फुल-बॅक, म्हणजे बचाव फळीतले. शेतातून उठून भरती झाले, कंपनीच्या मॅचमध्ये दिसले, पलटणीच्या टीममध्ये गेले. मग कलकत्त्याच्या एका क्लबाने त्यांना मागून घेतलं, आणि शेवटी देशाची जर्सी मिळाली. ते एकोणीसशे पन्नासचं दशक. बूट न घालता, पायाला नुसतं बँडेज बांधून खेळायचे. परदेशात एका ओल्या मैदानावर त्यांच्या उजव्या पायाचं बोट मोडलं. त्यांनी पट्टी आणखी आवळली आणि मॅच संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बोट वाकडं जुळलं, पुन्हा निवड झाली नाही, पट्टीची सवय मात्र राहिली. गावात हे कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. पासलीला भातातलं कळतं, फुटबॉलमधलं नाही.

लावणीच्या दिवसांतला एक रविवार. पट्टी नवी होती आणि ओटा फिनेलने पुसलेला होता.

"साहेब, पाय बघू का?"

"ऑल ओके, हवालदार. बीपी घ्या."

ते जेसीओ, मी एनसीओ. सीनियरने ऑल ओके म्हटलं की विषय संपला. मी वहीत तसंच लिहिलं. पुढच्या रविवारीही तेच विचारलं, तेच ऐकलं, तेच लिहिलं.

तिसऱ्या रविवारी त्यांच्या सूनबाई रस्त्यावरच उभ्या होत्या.

"भाऊ, लवकर या. सकाळपास्नं मामंजी उठंनात. अंग लई तापलंय."

मी विचारलं नाही, पट्टी कापली. बोटं काळी, घोट्यापर्यंत सूज. शुगरमुळे त्यांना वेदनाच कळत नव्हत्या. मला मात्र वासानेच सगळं कळलं. ०९४० ला शेजाऱ्याच्या टेम्पोत गादी टाकून पुण्याकडे निघालो. सीमेवर मी कितीतरी जखमा बांधल्या आहेत. त्या टेम्पोत त्यांचा हात धरण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. इतका निकामी मी कधीच नव्हतो.

घाटात त्यांनी डोळे उघडले.

"साहेब, मला का नाही दाखवलात?"

"दावला असता तर तुमी मला भायेर बसवलं असतं."

"कुठून बाहेर?"

त्यांचा हात पट्टी आवळायला पायाकडे गेला.

पुण्यात डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्यावरून काढावा लागेल, दोन आठवडे आधी आणला असता तर बोटावर निभावलं असतं. पाय काढला, पण तोवर विष रक्तात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी १५२० ला साहेब गेले. आम्ही सात माजी सैनिकांनी मेडल लावून सॅल्यूट दिला. लोकांनी मला विचारलं, तुम्ही तर तपासायला जात होता ना? मी हो म्हणालो.

अजून रविवारी जातो. आता रँक विचारत नाही. सुभेदार असो, कॅप्टन असो, आधी बूट-मोजे उतरवायला लावतो आणि बोटं एकेक करून बघतो. आतापर्यंत दोघांच्या जखमा वेळेत सापडल्या, दोघंही चालतात. त्यांच्या घरचे माझे आभार मानतात, तेव्हा मी मान खाली घालून वहीत लिहीत बसतो.