अपक्ष उमेदवाराची बायको

"आई गेली," एवढाच अजितचा मेसेज आला, तेव्हा मी विद्यापीठाच्या लायब्ररीत होते आणि समोर त्याच्या आईच्याच तालुक्याचे जुने निवडणूक निकाल उघडे होते. यात योगायोग काही नाही. त्या एका विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास हेच माझं संशोधन, दिवसभर मी तेच बघत असते. या परदेशी शहरातल्या हौगांग भागात अजितच्या फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेतली ती बस आणि मार्केट जवळ म्हणून. त्याची आई, सुमनकाकू, माझ्या तक्त्यांत दर वेळी तिसऱ्या क्रमांकावर दिसणाऱ्या अपक्ष उमेदवाराची बायको निघाली...

"हे उभे राहायचे आणि पडायचे," काकू सांगायच्या. "पडले तरी घरात गर्दी तेवढीच. चहाचं पातेलं कधी चुलीवरून उतरायचं नाही." कोणता कार्यकर्ता आपल्याकडे जेवला आणि निकालाच्या दिवशी कुणाच्या मिरवणुकीत नाचला, हे सगळं त्यांना पाठ. नात वैतागून इथल्या बोलीत म्हणायची, "आजी, इनफ लाह!" मला मात्र हसू आवरत नसे.

शेवटच्या निवडणुकीत काकांना स्वतःच्या वाडीच्या मतदान केंद्रावरही फारशी मतं पडली नव्हती. मी प्रबंधात 'भाऊबंदकी' असं कारण लिहून मोकळी झाले होते. काकांनीही तेच धरलं होतं. धाकट्या भावानं, दत्तूनं, घात केला म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. एका दुपारी ते पान मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली गवारीची शेंग खाली ठेवली.

"भाऊजींनी नाही गं. मी. वाडीतल्या बायकांना मीच घरोघर जाऊन सांगितलं, ह्यांना मत देऊ नका. रान विकून झालं होतं, आता राहतं घर विकायला काढलेलं. एकदा घरच्यांनीच पाडलं म्हणजे या नादातून सुटतील, म्हटलं."

आणि काका सुटले. घर वाचलं, भाऊ तुटला. काका होते तोवर काकूंना तोंड उघडायचा धीर झाला नाही. आता हृदय थकलं होतं, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते, आणि त्यांना एकच गोष्ट खात होती. भाऊजींच्या माथी मारलेला आळ आपल्यामागं कोण पुसणार? फोन उचलायच्या, ठेवायच्या. "शिव्या घातल्या तर?" म्हणायच्या. मी म्हणे, "घालू देत की, काकू."

अखेर एका रविवारी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे म्हातारे दत्तूकाका पडद्याजवळ सरकले.

"वहिनी," ते म्हणाले, "मत तर मीही दिलं नव्हतं दादाला. घर वाचावं म्हणूनच. तो माझ्यावर रागावला ते बरोबरच होतं, असं धरून मी इतकी वर्षं गप्प बसलो."

काकू आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. ज्याच्यावर दोघांचा जीव, त्याच्याच विरुद्ध दोघांनी एकमेकांच्या नकळत मत दिलं होतं, आणि तो मात्र आपल्याला भावानं फसवलं असं समजून गेला. ते पान मी अजून दुरुस्त केलेलं नाही. काय लिहावं ते सुचत नाही.

त्यानंतर दर रविवारी फोन होऊ लागला. विषय एकच, काका. माईक बंद पडला तरी ते कसे बोलत राहायचे, सभेला निघताना चष्मा कसा विसरायचे. पण असे रविवार फार मिळाले नाहीत. काकू गेल्या आणि स्वयंपाकघर इतकं शांत झालं की मला तिथं पाणी प्यायलाही जाववेना.

अजितनं आईचा फोन बंद केलेला नाही, ओट्याशेजारच्या खिडकीत तो चार्जिंगला असतो. गेल्या रविवारी तो वाजला. पडद्यावर दत्तूकाका. यांना कुणी कळवलंच नाही की काय, या विचारातच मी तो उचलला.

"वहिनी गेल्या ते ठाऊक आहे मला," तेच आधी म्हणाले. "पण दादाविषयी बोलायला आता दुसरं कुणी उरलं नाही गं... तू त्याला पाहिलं नव्हतंस ना? मग बस, सांगतो."

मी स्टूल ओढून बसले.