न मोजलेली मतं

तायडे सर गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. ती अर्धवट टाकून बाहेर आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. रडू आलं नाही, रागच आला. पुढच्या निवडणुकीला अजून वर्षं होती, आणि हा माणूस तेवढ्यासाठीच थांबला होता...

वडनेर भोलजीच्या शाळेत आम्ही बारा वर्षं सोबत होतो. दर पाच वर्षांनी लोकसभा आली, की निवडणुकीची ड्युटी टाळण्यासाठी आम्ही दुखणी शोधायचो. सर मात्र केंद्राध्यक्षपदाचा आदेश हाती पडताच धुतलेला शर्ट बाजूला काढून ठेवायचे. "पाच सालात एक दिवस लोकं मालक असतात बे," म्हणायचे, "त्या दिवशी तरी आपुन नीट राह्यलं पाह्यजे."

मागची लोकसभा ही त्यांची शेवटची ड्युटी. सोनाळ्याच्या पुढचं एक लहान गाव मिळालं, आणि मी त्यांच्या हाताखाली. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी घ्यायची असते. पन्नास मतं टाकून दाखवायची, निकाल जुळवायचा, मग ती मतं पुसून यंत्र सील करायचं. त्या दिवशी पुसायचं राहिलं. बाहेर रांग लागली होती, प्रतिनिधी कुरकुरत होते, आणि "झालं सारं सर, लावा सील," म्हणणारा मी होतो.

सकाळीच सखूबाई नावाची म्हातारी लेकाच्या पाठीवर बसून आली. बोटाला शाई लावून घेताना तिने सरांना विचारलं, "माहं मत मोजतीन ना बाप्पा?"

"हाव माय, एकेक मत मोजतात," सर म्हणाले.

संध्याकाळी यंत्रात रजिस्टरपेक्षा पन्नास मतं जास्त निघाली. सरांनी डायरीत चूक स्वतःच्या नावावर लिहिली. मी त्यांना थांबवलं नाही. मतमोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला ठेवलं गेलं. जिंकणाऱ्याची आघाडी त्या केंद्रावरच्या सगळ्या मतांहून मोठी होती, त्यामुळे ती मतं मोजायची गरजच पडली नाही. नियमात बसतं ते. सरांना नोटीस आली, त्यांनी खुलासा दिला आणि ते निवृत्त झाले.

त्यानंतर सर महिन्या-दोन महिन्यांनी सोनाळ्याची एसटी धरायचे. सखूबाईला खरं सांगून येतो म्हणायचे. परतल्यावर मी विचारलं, की मान हलवायचे. "नाही झाली हिंमत. पुढच्या बारीले मीच तिले मतदानाले नेतो, मंग सांगतो." एकदा मी म्हणालो, "सर, एका मतानं काय होते?" आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. सर गेल्याचं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले. "लय चांगला मानूस. मी ज्याले मत देल्लं, तोच निवडून आला, माहीत हाय? सरायले सांगतलं, तं गप बसले." मग म्हणाली, "लेक तं कामाले शहरात गेला. आता मले कोन नेईन?"

"मी नेईन," म्हणालो. पुढच्या मतदानापर्यंत ती असेल, याची खात्री तिलाही नव्हती आणि मलाही.

तिने भिंतीलगतची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवायला लावली. "सर याच्यावरच बसत. बसा."

मी बसलो. चहा प्यालो आणि काही न सांगता परत आलो.