मीममधली सीट

त्या फोटोत गाडी मी चालवत नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण ज्यांना ज्यांना मी हे तोंडी सांगितलं त्यांनी मान हलवली आणि दुसरंच बोलायला लागले.

कारंजा घाडगेत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक छोटी पांढरी गाडी, हायवेलगतचं मैदान, सकाळी पुरुषांची बॅच, दुपारी बायका-मुलींची. नवरा शेती बघतो, गाडीचं मी. सोळा वर्षांत गावातल्या कितीतरी लोकांना क्लच हळू सोडायला मी शिकवलं आहे.

गेल्या हिवाळ्यात गावातले एक दुकानदार आले. पन्नाशी ओलांडलेले, उंच, पोट सुटलेलं. गावात त्यांना सगळे सेठच म्हणतात. त्यांनी मोठी गाडी घेतली होती. पूजेसाठी ती केळझरच्या गणपतीला नेली, तेव्हा चालवली भाच्याने आणि सेठ शेजारी बसून गेले. ते त्यांना लागलं होतं. म्हणाले, "मॅडम, शिकवा मले. पण कोणाले माहीत नाई पडलं पायजे. या वयात बाईजवळ शिकून राह्यला म्हणतीन लोकं." मी शब्द दिला. रोज पहाटे घरी फिरायला जातो सांगून, नवे कोरे बूट घालून, ते सर्व्हिस रोडवर माझी वाट बघत उभे असत.

आठव्या दिवशी समोरून ट्रक आला. सेठनी घाबरून स्टेअरिंग डावीकडे ओढलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो, क्लच असतो, स्टेअरिंग नसतं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पुढचं डावं चाक नालीत उतरलं होतं. सेठ आपल्या बाजूने उतरले आणि पलीकडच्या ढाब्यावर जाऊन असे उभे राहिले, जणू चहा प्यायलाच आले होते. माझं दार नालीच्या काठाला अडलं होतं. मी गिअरवरून पाय टाकून त्यांच्या सीटवर आले, एक हात स्टेअरिंगवर ठेवून उघड्या दारातून बाहेर वाकले आणि मागे रस्ता मोकळा आहे का ते बघू लागले. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. मग सीट पुढे ओढून पाच मिनिटांत गाडी मी रिव्हर्समध्ये बाहेर काढली. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

दुपारपर्यंत मीम तयार. वर मी, दारावर माझ्या स्कूलची अक्षरं. खाली मोठ्या गाडीच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेला गॉगलवाला. वर लिहिलेलं, 'बाईनं शिकवलेले', खाली 'बापानं शिकवलेले'. आणि सगळ्यात खाली, 'मॅडमच नालीत, मंग बाकीच्यायचं काय?' व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ते खुद्द सेठनी पुढे पाठवलं. सोबत हसून रडणारे तीन चेहरे.

मी दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि म्हटलं, "सेठ, नाव नका सांगू. एवढंच लिहा, की गाडी मॅडम चालवत नव्हत्या, शिकणारा चालवत होता."

"मॅडम, मंग लोकं विचारतीन, तुमाले कसं मालूम?"

"मग तुम्ही पाठवलं कशाला?"

"सगळ्यायनं पाठवलं. मीच नसतं पाठवलं तं शक नसता आला?" मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुमाले काय फरक पडते? बाईवर लोकं दोन दिवस हासते. माणसावर जिंदगीभर हासते."

फरक पडला. दुपारच्या बॅचमध्ये नऊजणी होत्या, चार उरल्या. एकीच्या सासूचा फोन आला, "सुनेले तिच्या भावाजवळच शिकवतो मॅडम. राग नका मानू." मी सेठना दिलेला शब्द पाळला. का पाळला, ते आता विचाराल तर नीट सांगता येणार नाही. शिकायला येणाऱ्याची फजिती बाहेर सांगायची नाही, ही या धंद्यातली माझी सवय आहे, बस.

माझी मुलगी वर्ध्याला समाजशास्त्रात एम.ए. करते. खरं काय घडलं ते तिला मी पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "आई, माह्या सेमिनारले येजो. तुह्याच विषयावर आहे." मला वाटलं, सुटले. आता कोणीतरी चार लोकांत, व्यवस्थित, छापील कागदावर सांगेल. इस्त्रीची साडी नेसले आणि गाडी काढली.

पडद्यावर मी भिंतीएवढी. मुलगी छान बोलली, आईच्या नात्याने म्हणत नाही. रस्ता सगळ्यांचा म्हणतात, पण तो पुरुषांचा असतो आणि बाई तिथे पाहुणी असते, असं ती म्हणाली. गॉगलवाला गाडी चालवताना दिसतच नाही, गाडी उभी आहे. तरी तो कुशल ठरतो, कारण मोठी गाडी असणं हेच त्याचं कौशल्य. वस्तूने माणसाची जागा घेतली की असं होतं. आणि हसणं म्हणजे पहारा, बाईला हद्दीत ठेवणारा. मला सगळं समजलं आणि पटलंही. यातलं बरंचसं मी स्वतःच सांगितलं असतं, शब्द इतके जड नसते. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. तिने आभार मानले.

मागून एका मुलीने विचारलं, "या बाई कोण आहेत?"

माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "ते महत्त्वाचं नाही. ती कोणतीही बाई असू शकते."

मी उभी राहिले. "ती मी आहे. हिची आई. आणि गाडी मी चालवत नव्हते."

खुर्च्या वाजल्या. सगळे वळून बघू लागले. मी पडद्याजवळ गेले. "ही सीट बघा. पार मागे सरकवलेली आहे. माझी उंची पाच फूटही नाही. या सीटवर बसून माझा पाय ब्रेकवर पोचत नाही. ही लांब पायाच्या माणसाने लावलेली सीट आहे. गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे दिसायला हवं."

सीटकडे कोणीच बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. विभागाचे सर उठले, हात जोडले. सज्जन माणूस. "काकू, तुम्ही आलात, बोललात, फार मोठी गोष्ट आहे. पण बघा, आपण चालवत नव्हतो हे तुम्हाला सिद्ध करावंसं वाटतं, यातच सगळं आलं. बाईने चुकायचं नाही, हा नियम किती खोल रुजतो!" पोरांनी वहीत लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. मग एकीने विचारलं, तुम्हाला तेव्हा कसं वाटलं? कोण चालवत होतं, हे एकानेही विचारलं नाही.

बाहेर चहा घेताना मुलीला म्हटलं, "एक ओळ होती. काऊन नाही टाकली?"

"आई, समज तूच चालवत असती, तं ते मीम बरोबर झालं असतं का?"

"नाही."

"मंग? मी ते लिहिलं तं अर्थ असा होते, की चूक बाईची नव्हती म्हणून मीम वाईट. जिची खरंच चूक होते, तिच्यावर हासा मंग."

ती बरोबर बोलत होती. तेच जास्त झोंबलं. "ज्या बाईची चूक असेल तिच्यासाठी दुसरा पेपर लिही," मी म्हटलं. "ही मी आहे."

"तुले समजूनच नाई राह्यलं, आई."

"तुला सीट सरकवायला मीच शिकवलं," मी म्हटलं आणि कप ठेवला.

महिन्याभराने ती घरी आली, हातात एक कागद. तिचा सेमिनारचा पेपर एका संशोधन-मासिकात छापून येणार होता. फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती लागते, असं सरांनी सांगितलं होतं. खाली सहीसाठी जागा. मी म्हटलं, ती एक ओळ घाल, आत्ता सही करते. नाव नको, सेठ नको, नुसतं 'चालवणारी व्यक्ती फोटोत नाही' एवढं. तिने कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, त्याने मांडणी ढिली पडते. मी कागद तसाच परत दिला. ती जेवली, एक रात्र राहिली, सकाळच्या गाडीने गेली. भांडण झालं नाही.

अंक पोस्टाने आला. सही नव्हती, म्हणून माझा चेहरा पुसट केला आहे. स्टेअरिंगवरचा हात तेवढा स्पष्ट आहे. फोटोखाली छापलंय: 'महिला चालक, ग्रामीण विदर्भ.'