पोपटाला उघडता येणार नाही असं झाकण

मी आखातात, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे. गेट, ग्रिल, टाक्यांची झाकणं असली कामं आम्ही करतो. पक्ष्यांशी माझा संबंध बाल्कनीतल्या कबुतरांपुरता, तोही त्यांना हाकलण्याचा.

जवळच्या रिफा भागात एका व्हिलाचं गेट बसवायला गेलो होतो. तिथले साहेब न्यूझीलंडचे. त्यांच्या हॉलमध्ये बर्फात बसलेल्या हिरव्या पोपटाचा मोठा फोटो होता. बर्फात पोपट कुठून येणार, फोटो जोडलेला दिसतोय, असं मी त्यांना ऐकवलंही. ते चिडले नाहीत. हा किया, आमच्या डोंगरातला पोपट, आता फार थोडे उरलेत, म्हणाले. हा पक्षी जमिनीवर, दगडांच्या कपारीत घरटं करतो आणि मुंगसासारखे प्राणी त्याची अंडी-पिल्लं खातात. त्यांना पकडायला तिथली एक संस्था पेट्यांमध्ये सापळे लावते, आणि साहेब दरवर्षी सुट्टीत जाऊन त्या कामाला हातभार लावतात. अडचण एवढीच, की हा पोपट भलता चौकस. पेटीत काय आहे बघायला झाकण उचकटतो आणि स्वतःच जखमी होतो.

"पोपटाला उघडता येणार नाही असं झाकण हवं, एवढंच ना? ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. त्यांनी काही मागितलेलं नव्हतं, हे घरी येताना गाडीत लक्षात आलं.

पुढचे काही दिवस मी जेवतानासुद्धा झाकणाबद्दलच बोलत होतो. स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आतून खटका, वरून आडवी पिन. शिवाय कोपऱ्यात माझ्या नावाची छोटी पितळी पट्टी, रिव्हेट मारून. ती कशाला, असं बायकोने विचारलं तेव्हा मी क्वालिटी कंट्रोल असं काहीतरी सांगितलं.

चाचणीसाठी, आम्ही राहतो त्या झिंजमध्ये, समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी आजोबांचा पाळलेला पोपट मिळाला. पेटीत काजू ठेवून मी तिला झाकण बसवलं. पोपट झाकणावर चढला, माझ्याकडे बघून मल्याळममध्ये काहीतरी बोलला आणि झोपला. काय बोलला ते सांगायला आजोबा तयार होईनात. झाकण पास झालं, असं मी जाहीर केलं.

साहेबांनी सुट्टीवर जाताना ते बॅगेतून नेलं. काही आठवड्यांनी व्हिडिओ आला. मी बायकोला आणि मुलीला सोफ्यावर बसवलं आणि तो टीव्हीवर लावला.

बर्फाजवळ पेटी, तिच्यावर माझं झाकण. सापळा काढून ठेवलेला होता, हे नशीब. एक किया उड्या मारत आला. आधी त्याने माझ्या नावाची पट्टी उचकटली, उलटीसुलटी करून पाहिली आणि दरीत टाकली. मग पिन ओढली. दुसरा आला, त्याने झाकण एका बाजूने दाबून धरलं, पहिल्याने फटीत चोच घातली, आणि खटका सुटला. आत काही नव्हतं, तरी दोघं खूश दिसले.

मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. "बाबा, दे आर सो क्यूट," एवढंच तिला म्हणता आलं.

बायको हसली नाही. तिने विचारलं, "तुमची डिग्री किती वर्षांची होती हो?"

मी दुसरं झाकण करायला घेतलं. ते खरोखर अभेद्य झालं. इतकं, की मलाही उघडेना, शेवटी ग्राइंडरने कापलं. साहेबांना फोनवर हे सांगितलं. ते सावकाश म्हणाले, की बर्फात हातमोजे घातलेल्या माणसाला उघडता येणंही गरजेचं असतं. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त मी आणि पोपट होतो.

संस्थेने पुढे स्वतःच साधा उपाय काढला, पेटीला जाड स्क्रू. माझं पहिलं झाकण मात्र त्यांनी फेकलं नाही. जुन्या झोपड्यांच्या छपरांच्या खिळ्यांवरचं शिसं चावून आजारी पडलेले किया ते पिंजऱ्यात ठेवून बरे करतात. कोंडलेला पक्षी कंटाळतो, चोचीला काम लागतं. म्हणून झाकण तिथे दिलंय. एक अशक्त मादी आली होती, खाणंही सोडलं होतं तिने. झाकण समोर ठेवल्यावर ती उठून त्याच्याशी झटायला लागली, आणि बरी झाल्यावर तिला डोंगरात सोडलं, असं साहेबांनी सांगितलं.

मला फार आनंद झाला. औषधामुळेच बरी झाली असणार, हे मलाही कळतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, हल्ली काय चाललंय, तर मी औषधाचा भाग गाळतो.