अंजिराचं आडवं पान

छत्तीस फोटोंच्या रिळात एक शेपटी आली होती. तीही अर्धी.

आमचे साहेब, डॉक्टर सप्रे, निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. "हे पान," ते म्हणाले. "हेही पान. आणि हे काय, आभाळ?"

"हो साहेब. ती उडाली तेव्हा..."

"अहो, मला पक्षी हवाय. झाडपाल्याचा अल्बम नकोय."

मी पट्टी परत पाकिटात घातली.

त्र्याहत्तर सालची गोष्ट आहे. मी नागपुरात शेतीखात्याच्या एका ऑफिसात आर्टिस्ट-कम-फोटोग्राफर होतो. पदाचं नाव लांबलचक, नोकरी मात्र टेंपररी. त्याआधी सात वर्षं महालातल्या एका स्टुडिओत काढलेली. तिथं लग्नं, मुंजी, पासपोर्ट. इथं कणसावरचा काणी रोग, टाचणीला टोचलेले किडे आणि बदली झालेल्या साहेबांचा हार घातलेला ग्रुप फोटो. म्हणजे माझं गिऱ्हाईक एकतर खुर्चीत बसलेलं असायचं, नाहीतर मेलेलं. जिवंत आणि हलणारं असं हे पहिलंच.

झालं असं, की शेतकरी मेळाव्यासाठी साहेबांना एक मोठं पोस्टर करायचं होतं. 'शेतकऱ्याचे मित्र पक्षी'. मधोमध शिंपी पक्षी हवा, चोचीत अळी हवी, खाली घरट्यात आ वासलेली पिल्लं हवीत. गुरुवारी दुपारी फोटो ब्लॉक बनवायला जाणार. त्या काळी छापायचं तर आधी फोटोचा जस्ताचा ठसा करावा लागे, त्याला ब्लॉक म्हणत. आणि मला परमनंट करायची शिफारस साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. सही व्हायची होती.

"आधी पोस्टर होऊ द्या, मग बघू," साहेब म्हणाले होते. न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. घरी दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्या बाळाची चाहूल. सही झाली नाही तर नाक मुठीत धरून स्टुडिओच्या मालकाच्या दारात उभं राहणं आलं.

शिंपी बागेतच होता. ऑफिसच्या मागे माळ्याच्या खोलीपाशी एक अंजीर, त्याच्या शेजारी कागदी लिंबू. अंजिराच्या एका पानाच्या कडा जोडून शिंपिणीनं टाके घातले होते आणि त्या द्रोणात कापूस भरून तीन पिल्लं वाढवत होती. पक्षी केवढा, तर अंगठ्याहून जरासा मोठा. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी सदा उभी. आवाज मात्र असा, की एवढ्याशा अंगातून निघतो यावर विश्वास बसू नये. एका जागी दोन सेकंद टिकेल तर शपथ.

माझी अडचण साधी होती. तेव्हा लेन्स हातानं फिरवून फोकस करावा लागे. इतक्या जवळून दोन बोटांइतकीच जागा स्पष्ट दिसते. तिच्या अलीकडचं, पलीकडचं सगळं धूसर. लग्नात नवरी त्या दोन बोटांत बरोबर सापडते, कारण मामा तिला धरून आणून उभी करतो. शिंपिणीला कोण धरून आणणार? मी लेन्स फिरवीपर्यंत ती तिसऱ्या फांदीवर.

शिवाय घरट्यावर अंजिराचं दुसरं एक मोठं पान छत्रीसारखं आडवं आलं होतं. त्यानं उजेडही अडायचा आणि पिल्लंही झाकायची. मंजुरी दोन रिळांची. पहिलं रीळ साहेबांनी पाहिलंच. दुसऱ्यातले पंचवीस फोटो मंगळवारपर्यंत उडाले. उरले अकरा.

बुधवारी पोळा. ऑफिसला सुट्टी. मी सकाळी आठलाच कॅमेरा घेऊन बागेत. माळीबुवा धकातेजी मूळचे उमरेडचे, कोष्टी. घरचा हातमाग बसला म्हणून खुरपं हातात घेतलेले. ते दुपारच्या बसनं गावी जाणार होते, सकाळी मात्र अजून घरून आले नव्हते. बागेत मी एकटाच. आता मी जे केलं ते कुठल्याही स्टुडिओवाल्यानं केलं असतं. आमच्या मालकांचं एक वाक्य होतं, आधी बॅकग्राऊंड साफ, मग माणूस. चेहऱ्यावर बट आली, बाजूला कर. मुंडावळ्या आडव्या आल्या, सरकव. मी खिशातून सुतळी काढली आणि ते छत्रीचं पान मागे ओढून फांदीला बांधून टाकलं.

वा! घरटं लख्ख दिसायला लागलं. तीन चोची, पिवळ्याधमक. मी कॅमेरा स्टँडवर लावला, त्याला एअर रिलीज जोडला. ही एक लांब रबरी नळी असते, टोकाला फुगा. फुगा दाबला की वीस फुटांवरून शटर पडतं. मी नळी घेऊन माळ्याच्या ओट्यावर बसलो.

शिंपीण आली. चोचीत काहीतरी होतं. बांधलेलं पान बघून तिनं जो कालवा केला, तो केला. आत काही शिरेना. गेली, पुन्हा आली, पुन्हा ओरडली. मी मनात म्हटलं, लाजतेय. नव्या नवऱ्याही पहिल्या पाच मिनिटांत अशाच लाजतात, मग सरावतात. तेवढ्यात ढग हटले आणि ऊन पडलं. श्रावण सरतानाचं आमच्याकडचं ऊन, चटका बसतो. मला वाटलं, चला, उजेडही मिळाला. साडेनऊ वाजले, दहा वाजले. शिंपीण शिरेना, मी उठेना.

सव्वादहाला धकातेजी आले. हातात डबा होता. म्हणाले, "साहेब, घरच्या लक्ष्मीनं पुरणाची पोयी धाडली तुमच्यासाठी. आमाले कोठचे बैल, पण पोया तं सोडता येत नाही नं..."

बोलता बोलता त्यांची नजर अंजिराकडे गेली. डबा ओट्यावर ठेवला.

"ते पान कोनं बांधलं?"

"मी. चेहरा दिसत नव्हता."

"काहून बांधलं गा?" एरवी साहेब, साहेब करणारे धकातेजी. पहिल्यांदाच त्यांनी मला गा म्हटलं. "चेहरा दिसत नव्हता म्हने! तिचे लेकरं भाजून राहिले, ते दिसलं नाही तुले?"

मी तेव्हा नीट बघितलं. मला इतका वेळ पिवळ्या चोचीच दिसत होत्या. पिल्लं तोंड वासून धापा टाकत होती. एकाची मान घरट्याच्या काठावर लोंबत होती. उघडी कातडी, अंगावर पीस नाही, आणि वर ते ऊन.

आणि नेमकी त्याच वेळी शिंपीण घरट्याच्या काठापर्यंत आली. दोन तास वाट बघून पहिल्यांदाच. चोचीत अळी, खाली पिल्लं, वर उजेड. साहेबांना हवा होता तोच फोटो. माझा अंगठा फुग्यावर.

मी म्हणालो, "धकातेजी, एक मिनिट."

ते नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. शिंपीण पुन्हा उडाली. ते मिनिट काही भरलं नाही, मी मध्येच उठलो. पण मी ते मागितलं होतं, हे खरं. मला माझीच लाज वाटली, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही वाटते आहे. मी जाऊन सुतळी सोडली. गाठ सुटेना. शेवटी धकातेजींनी दातानं तोडली. पान आपल्या जागी आलं, घरटं सावलीत गेलं.

आम्ही दोघं ओट्यावर येऊन बसलो. "ये वं माय, ये," धकातेजी हळूच म्हणत होते. पाच मिनिटं झाली. सहा झाली. मग लिंबाकडून आवाज आला, टुवीट, टुवीट, आणि शिंपीण पानाखाली शिरली. आतून चिवचिव ऐकू आली. किती पिल्लांची ते कळलं नाही.

धकातेजींनी डबा उघडला. "खा. आता बसून काय करता?"

"आता काय, फोटो गेला," मी म्हणालो. "सही गेली."

"साहेब, एक बोलू?" मी पुन्हा साहेब झालो होतो. "तुमी आठ दिसापासून पाखराच्या मागं डोये पळवून राहिले. मागावर सुताचा धोटा इकून तिकडं पळते, तं विणकर काय धोट्याकडे पाहते? भोवळ येईन. धोटा कोठं येनार, ते ठरलेलं असते. हात तिथं पाहिजे."

"म्हणजे?"

"लिंबाचा तो वाळला काटा पाहा. ते दर खेपेला आंधी तिथं बसते. इकडं तिकडं पाहते, मंग पानात शिरते. काल बी तसंच, परवा बी तसंच."

"धकातेजी! मग हे मला आठ दिवस आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कोठं?"

मी कॅमेरा उचलून लिंबाकडे वळवला. वाळल्या काट्यावर फोकस केला. दोन बोटांची जागा काट्याभोवती बसवली आणि लेन्सला पुन्हा हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. एक पेच उरला. एअर रिलीजची हवा नळीतून पोचायला क्षणभर लागतो. पक्षी बसलेला दिसल्यावर फुगा दाबला, तर फोटो रिकाम्या काट्याचा येतो. पहिले चार तसेच गेले. मग धकातेजी म्हणाले, "पाहू नका. मी सांगतो तवा दाबा." ते डोळे मिटून बसले. शिंपीण यायच्या आधी दोनदा ओरडते. दुसऱ्या ओरडीला ते म्हणायचे, "हं!" आणि मी दाबायचो. मागावर धोटा फेकायला खटका ओढणाऱ्याचा कान होता तो. अकरा फोटो संपायला दीड तास गेला. त्यांची उमरेडची बस गेली. मी हळहळलो, तर म्हणाले, "उद्या भरते नं तान्हा पोया, लेकराइच्या लाकडी बैलाचा. उद्या जातो."

संध्याकाळी डार्करूममध्ये रीळ धुतलं. अकरापैकी सात काटे रिकामे. तीन नुसते भुरे फटकारे. आणि एक! ट्रेमध्ये कागदावर आधी काटा उमटला, मग शेपटी, मग टोपी, मग डोळा. चोचीत अळी, तिचे पांढरे पट्टेसुद्धा मोजता येत होते. मी एकटाच ओरडलो, "अरे वा रे पठ्ठ्या!"

गुरुवारी सकाळी प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पिल्लं कुठायत?"

"नाहीत साहेब."

"घरटं?"

"नाही दिसत."

त्यांचं तोंड आंबट झालं. मग भिंग काढून ते फोटोवर वाकले आणि तसेच राहिले. "अहो, ही लिंबाची अळी आहे! कोवळी पानं खाऊन फस्त करणारी! आणि पक्षी लिंबावरच बसलाय! संत्र्या-लिंबाच्या बागवाल्यांना दाखवायला याहून चांगलं काय हवं?" त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा कागद बाहेर काढला, पेनाचं टोपण काढलं. आणि थांबले.

"फक्त मागचं हे अंजिराचं पान फार आडवं आलंय. अर्धी चौकट अडवतंय. टचिंग करून काढून टाका."

टचिंग म्हणजे प्रिंटवर ब्रशनं नको ते पुसून टाकणं. माझ्या हातचा मळ. महालात मी नवरदेवाच्या मागचा अख्खा काका पुसला होता. दहा मिनिटांचं काम. पेन कागदावर टेकायला आलेलं.

"ते राहू द्या साहेब," मी म्हणालो.

"का?"

"त्याच्याखाली तिची पिल्लं आहेत. काल मी ते बाजूला केलं होतं. एक पिल्लू बहुतेक माझ्यामुळे मेलं."

पोळ्याच्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं. ते एक मिनिटही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आटोपलं. त्यांनी भिंगातून ते पान पुन्हा पाहिलं आणि शिपायाला हाक मारली. "हा फोटो ब्लॉकवाल्याकडे द्या. जसा आहे तसा." मग पेन उचलून सही केली.

दहा-बारा दिवसांनी धकातेजी मुद्दाम ऑफिसात आले. म्हणाले, "तिन्ही उडाले साहेब." मी जाऊन मोजलं नव्हतं. ते खरं सांगत होते की मला बरं वाटावं म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुढे एकतीस वर्षं नोकरी केली, पाखरांचे ढिगानं फोटो काढले. शिकवायला नवी मुलं आली की एवढंच सांगायचो, पान आडवं आलं तर स्टँड सरकवा, पान नाही. आणि कॅमेरा लावायच्या आधी माळ्याला विचारा.