बंद करून पाहिलेली दुपार

मारेगावच्या घरी माझी कामाची खोली माडीवर आहे. खिडकीपलीकडे कापसातली सरकी काढायचं जिनिंग. हिवाळाभर कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, आणि दुपारी अख्खं गाव झोपेत चालल्यासारखं वाटतं. तिथंच बसून मी रक्तपेढ्यांसाठी एक प्रणाली रचली होती. कुठल्या गावात कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे, ते नर्सला लगेच दिसावं, एवढंच तिचं काम. ती क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा दूरच्या शहरातल्या भाड्याच्या संगणकांवर चालायची. ते संगणक मी कधी पाहिले नाहीत. स्वप्नात मात्र त्यांची घरघर ऐकू यायची.

आराखडा तपासायला पुण्याच्या एक वरिष्ठ मॅडम होत्या. व्हिडिओवर त्या आकृतीतल्या एकेका चौकटीपाशी थांबून विचारायच्या, "हे बंद पडलं तर?"

"दुसरं आहे, मॅडम. वेगळ्या इमारतीत."

"आणि लॉगिन?"

मी आकृती पुन्हा पाहिली. सगळ्याला जोडी होती, लॉगिन तेवढं एकटंच.

"म्हणजे रक्त आहे, पण दार उघडत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं सुधारा. मग खरोखर बंद करून पाहू."

सुधारलं. आधी प्रणालीच्या नकलेवर बंद करून पाहिलं, ते निभावलं. मग खऱ्या प्रणालीची पाळी आली. माझी मोठी बहीण पुसदच्या एका रक्तपेढीत नर्स आहे. तिला आणि बाकीच्या रक्तपेढ्यांना दिवस सांगून ठेवला, वेळ नाही. अडलंच तर रक्तासाठी एकमेकांना फोनवर विचारायचं ठरलं होतं.

दुपारी मी माडीवरूनच तिकडच्या एका इमारतीतले आमचे सगळे संगणक बंद केले. पडद्यावरची त्या इमारतीच्या कामाची रेघ हळूहळू खाली आली आणि तळाशी निजली. दुसऱ्या इमारतीची तितक्याच संथपणे वर चढू लागली. कुठं आवाज नाही, काही नाही. मी बहिणीला फोन लावला.

"ताई, काही अडकलं का?"

"नाही बा. तू कधी बंद करून राह्यला ते सांग. मी वाटच पाहून राह्यली."

"केलं. केव्हाचंच."

"आत्ताच एका बाळंतिणीसाठी रक्त शोधलं रे मी. दिग्रसले सापडलं. गाडी निघाली तिकडून."

मी तळाशी निजलेल्या रेघेकडे पाहिलं.

"ठेव आता फोन," ती म्हणाली, "तिची सासू उभी आहे इथं."